कांडीवाल्या काकूंचा पदर : शॉर्ट फिल्ममधली दुय्यम पात्रं कपड्यांतून आणि स्वभावातून कशी उभी करायची

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात शॉर्ट फिल्म करणारी मुलं आता गल्लोगल्ली भेटतात. त्यांच्या फिल्म मी आवर्जून बघते. मुख्य पात्रावर घेतलेली मेहनत दिसते. पण दारात येऊन चार वाक्यं बोलून जाणारी शेजारीण, गावाकडनं आलेला मामा, टेम्पो घेऊन आलेला माणूस, ही मंडळी शाळेच्या गॅदरिंगमधून उचलून आणल्यासारखी वाटतात. घडी न मोडलेलं लुगडं, कडक इस्त्रीचं धोतर, चिकटवलेली मिशी. ती पडद्यावर आली की प्रेक्षकाला शूटिंग दिसायला लागतं, घर दिसेनासं होतं.

गेली काही वर्षं मी अशा छोट्या फिल्मसाठी कपड्यांचं काम करते. दुय्यम पात्र हातात आलं की मी स्वतःला पहिला प्रश्न विचारते तो असा : हा माणूस या दारात यायच्या आधी तासभर कुठं होता? कपडा, चाल, आवाज, हातातली वस्तू, सगळं या एका उत्तरातून निघतं. उत्तर नसेल तर कितीही महागडं लुगडं आणा, उपयोग नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एकच गोष्ट धरून चालू. २० मिनिटांची फिल्म. बेळगावच्या वडगावातलं विणकराचं घर. वडील गेलेत आणि खड्ड्यातला हातमाग मोडीत काढायचा आज दिवस आहे. मुख्य पात्र म्हणजे विणकराची २२ वर्षांची मुलगी, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेब लिहिणारी. बाकीची माणसं आपल्याला घडवायची आहेत.

आधी माणसं कमी करा

पहिल्या खर्ड्यात आमच्याकडे नऊ पात्रं होती. एकेका पात्रावर बोट ठेवून ती गोष्ट त्याच्याशिवाय वाचली. ज्याच्या जाण्यानं मुलीच्या वागण्यात काहीच फरक पडला नाही, ते पात्र काढून टाकलं. पोस्टमन गेला, मैत्रीण गेली, गल्लीतला म्हातारा गेला. उरले तीन : शेजारच्या कांड्या (मागासाठी सूत गुंडाळलेल्या नळ्या) भरणाऱ्या काकू, खानापूर तालुक्यातून आलेला मामा आणि मोडीवाला.

तिघांनाही काहीतरी हवं असलं पाहिजे, आणि ते आजच, याच घरात हवं असलं पाहिजे. काकूंना माग राहायला हवा, कारण त्या मागाच्या कांड्या त्या भरत आल्यात. मामाला माग गेलेला हवा. खोली मोकळी झाली की भाड्यानं देता येईल आणि भाचीच्या लग्नाचं बघता येईल. मोडीवाल्याला कुणाच्या भावनांशी वैर नाही. त्याचा टेम्पो तासावर ठरवलेला आहे, आणि पावसाचं आभाळ आलंय. इतकं पुरतं. दुय्यम पात्राला चरित्र लागत नाही, हव्यास लागतो, मग तो अर्ध्या तासाचा का असेना.

पानभर दिवस लिहा

इथं मात्र घाई करू नका. प्रत्येक पात्राचा, त्या दिवशीचा, प्रसंग सुरू होईपर्यंतचा दिवस एका पानावर लिहा. पटकथेत यातली एकही ओळ येणार नाही, तरी लिहा. काकूंचं पान आमच्या वहीत असं होतं :

नळाला पाणी यायचा दिवस, म्हणून पहाटे पाचला उठल्या. चार घागरी, मग पिंप. भाकऱ्या थापल्या. आठ वाजल्यापासून चरख्यावर. डावा पाय दुमडलेला, उजवा लांब सोडलेला. उजव्या हातानं चाक, डाव्या हाताच्या अंगठ्या-बोटात सूत. दुपारी दोन घास उभ्यानंच. साडेतीनला शेजारून लाकडावर घण बसल्याचा आवाज आला. हातातली कांडी अर्धी भरलेली होती, तशीच घेऊन उठल्या.

आता या पानातून कपडे उतरवून घ्या, अक्षरशः. चाकात अडकू नये म्हणून पदर कमरेला खोचलेला, आणि तो तसाच घेऊन त्या दारात आल्यात. दुसऱ्याच्या दारात उभं राहिल्यावर लक्षात येतं आणि हात आपोआप पदर सोडून डोक्यावर ओढतो. हा एक हावभाव, आणि काकूंची पिढी, त्यांची रीतभात आणि त्यांची घाई तिन्ही एका शॉटमध्ये कळतात. लुगड्याचा काठ सकाळी पाण्यात भिजून वाळलेला, म्हणून खाली पांढुरकी रेघ. हात जिथं सतत पुसला जातो तिथं उजव्या मांडीवरचा कपडा बाकीच्यापेक्षा फिका. कानशिलाजवळच्या केसांत सुताचा कापूस. बांगड्या सुतात अडकतात म्हणून दोन-दोनच, त्याही मनगटावरून वर सरकवलेल्या. आणि हातात ती अर्धी कांडी. बोलताना काकू तिचं सुटलेलं टोक बोटाला गुंडाळतात, सोडतात, परत गुंडाळतात.

काकूंच्या तोंडी आम्ही चारच वाक्यं ठेवली. बाकीचं कांडीनं सांगितलं. जाताना त्या ती मागावर ठेवतात की परत घेऊन जातात, यावर आमच्यात दोन रात्री वाद झाला. शेवटी परत न्यायला लावली. सूत मालकाचं असतं, अर्ध्या कांडीचंसुद्धा वजन द्यावं लागतं. ज्यांनी आयुष्यभर असं काम केलंय त्या ती भावनेच्या भरात टाकून जाणार नाहीत. स्वभाव हा असा धंद्याच्या हिशेबातूनही कळतो.

मामाचं पान वेगळं. तो सकाळी शेतात जाऊन आलाय, मग अंघोळ करून ट्रंकेतला ठेवणीतला पांढरा शर्ट काढलाय. त्या शर्टावर आडव्या-उभ्या घडीच्या रेघा हव्यात, इस्त्री नको. पँट मात्र नेहमीचीच, खालच्या शिवणीत तांबडी माती. खानापूरकडची माती तांबडी, पूर्वेला अथणी-सौंदत्तीकडची काळी. हा फरक आपल्या प्रेक्षकाला शब्दांत सांगावा लागत नाही, पँटच्या टोकावर दिसला की पुरतो. वर ठेवणीतला शर्ट आणि खाली शेतातली पँट : हा माणूस आज वडीलधारा म्हणून आलाय, पण त्याला इथून परत जाऊन गोठ्यात उभं राहायचंय. बसताना तो पँट गुडघ्यापाशी चिमटीनं वर ओढतो. भाचीला तीनदा विचारतो, "जेवलीस काय?" मागाविषयी मात्र एकदाही तिला विचारत नाही.

बघायला जा

डोक्यातून कपडे काढू नका. सकाळी बसस्टँडवर, बाजारच्या दिवशी गणपत गल्ली-खडेबाजारात, दुपारी शहापूर-खासबागच्या बोळांत दोन-दोन तास उभं राहा. वही घ्या. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, नाही म्हणाले तर हात जोडून पुढं चला. मी शक्यतो फोटो काढतच नाही. शब्दांत लिहिलं की नेमकं काय दिसलं ते लक्षात राहतं.

काय बघायचं? लुगडं कुठलं हे नंतर, आधी ते कसं नेसलंय, कुठं खोचलंय, कशानं झाकलंय. शेतात भांगलायला, म्हणजे तण काढायला जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट घालतात, डोक्याला टॉवेल बांधतात. आपल्याकडच्या फिल्ममधली शेतकरीण मात्र उघड्या हातांनी, गळ्यात पुतळ्यांची माळ घालून भांगलत असते. निपाणीत विड्या वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसते. सुपात तेंदूची कापलेली पानं, जर्दा, दोरा, कात्री. तिचं बोलणं चालू असलं तरी बोटं थांबत नाहीत, कारण मजुरी हजार विड्यांवर ठरते. विडीवालीचा प्रसंग लिहिलात आणि ती हात जोडून बसून ऐकतेय असं दाखवलंत, तर तिथंच चुकलात. फाउंड्रीतून सुटलेल्या माणसाच्या नखांच्या कडा आणि मानेच्या वळ्या काळ्या असतात, साबणानं चेहरा धुतला तरी. यंत्रमागावर काम केलेला माणूस घरातही मोठ्यानं बोलतो आणि समोरच्याच्या ओठांकडे बघतो, कारण खटखटाटात तसंच बोलावं लागतं. हे शेवटचं आम्ही मोडीवाल्याला दिलं : पूर्वी कधीतरी मागावर होता, एवढं त्याच्या आवाजातून कळावं, संवादातून नाही.

डोक्यावरचंही बघा. गांधी टोपी, पटका, फेटा, नुसता टॉवेल, यात वय, गाव आणि प्रसंग तिन्ही असतात. लग्नाला निघालेला आणि बँकेत निघालेला माणूस एकच टोपी वेगवेगळ्या तऱ्हेनं घालतो.

कपडे आणायचे कुठून

नवीन कपडे विकत घेऊन जुने करणं हा शेवटचा मार्ग. पहिला मार्ग बोहारीण. भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बायका आपल्या गल्लीत येतातच. त्यांच्याशी नीट बोललं तर ढिगातून निवडू देतात. त्या कपड्यांना एका अंगाची सवय लागलेली असते. कोपर ताणलेलं, खिसा लोंबलेला, बटण दुसऱ्या रंगाचं. ते हातानं आणायला आठवडा जातो. आणल्यावर गरम पाण्यात सोडा घालून धुवा आणि कडक उन्हात वाळवा, मगच नटाच्या अंगावर.

दुसरा मार्ग शेजारपाजार. इथं माझ्याकडून जे झालं ते सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही.

काकूंसाठी गल्लीतल्या एका आजींनी त्यांचं इरकली लुगडं दिलं होतं. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचं. अंग सुती, पदर तांबडा, त्यावर पांढरे गोपुरासारखे कळस. इरकलीत पदराचा ताणा अंगाच्या ताण्याला फासे टाकून जोडलेला असतो. हिरवट अंग, गोमी काठ, वापरून मऊ झालेलं. कॅमेऱ्यात पांढरे कळस फार चमकत होते म्हणून मी ते रात्री चहाच्या गरम पाण्यात टाकलं. दहा मिनिटांनी झाकण काढलं तर पातेलं तांबडं. पदराचा रंग सुटून अंगावर डाग पडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते लुगडं हातात घेऊन आजींकडे गेले. त्यांनी ते मांडीवर पसरलं, डागावरून बोट फिरवलं, आणि म्हणाल्या, "सासूबाईंनी दिलेलं हुतं." इतकंच. मग चहा टाकला. तो चहा मला गिळवेना.

तेव्हापासून दोन नियम. मागून आणलेल्या कपड्यावर कात्री, रंग, पाणी, माती यांतलं काहीही लावायचं नाही. तो आहे तसा वापरायचा आणि घडी करून परत द्यायचा. आणि ज्याच्यावर काम करायचंय तो कपडा पैसे मोजून आपला करायचा.

कपडा वापरलेला दिसावा म्हणून

आधी कापड कशाचं आहे ते बघा. शिवणीतून एक धागा काढून जाळा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख पडते, पॉलिस्टर असेल तर वितळून टणक गोळी होते. पॉलिस्टर चहाचा रंग धरत नाही, उगाच खटपट करू नका.

पांढरा कपडा कॅमेऱ्यात, त्यातही दुपारच्या उन्हात, नुसता पांढरा डाग होतो. धोतर, टोपी, मामाचा शर्ट थोडा उतरवावाच लागतो. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे चहा पावडर उकळून गाळायची, चिमूटभर मीठ, आणि ओला कपडा त्यात दहा मिनिटं हलवत ठेवायचा. हलवला नाही तर ढग उठतात. ओला असताना तो गडद दिसतो, वाळल्यावर उतरतो, म्हणून आधी चिंधीवर करून, वाळवून, मोबाईलवर फोटो काढून बघायचं. डोळ्याला जेमतेम मळकट वाटला की कॅमेऱ्यात तो बरोबर पांढरा दिसतो.

झिजवण्यासाठी सँडपेपर किंवा घरातली जुनी किसणी. पण सगळीकडे नाही. कपडा शरीर जिथं घासतं तिथंच झिजतो : कॉलरची मागची घडी, बाहीची कड, खिशाचं तोंड, गुडघा, कोपर, बाईच्या ब्लाउजची काखेतली शिवण. खिसा लोंबता हवा असेल तर शर्ट ओला करून खिशात मोबाईलच्या वजनाचा दगड घालून दोरीवर वाळत घाला. घामासाठी ग्लिसरीन आणि पाणी सारखं घेऊन फवारा. नुसतं पाणी दिव्यांखाली पाच मिनिटांत उडतं आणि प्रत्येक टेकला घाम वेगळा दिसतो. माती लावायची तर त्याच गावची लावा. पण खानापूरकडची तांबडी माती धुऊन पूर्ण जात नाही, तेव्हा एका प्रसंगात स्वच्छ आणि नंतर मळलेला कपडा हवा असेल तर दोन सारखे जोड लागतील. पैसे कमी असतील तर स्वच्छ प्रसंग आधी शूट करा.

रंग

मुख्य पात्राचा रंग आधी ठरवा, बाकीच्यांचे त्याभोवती. आमच्या मुलीचा पंजाबी ड्रेस फिका पिवळा होता, म्हणून इतर कुणाच्याही अंगावर पिवळा येऊ दिला नाही. जुन्या घरांच्या भिंती निळ्या किंवा हिरव्या असतात. हिरवट लुगड्यातल्या काकू हिरव्या भिंतीसमोर उभ्या केल्या तर फक्त चेहरा आणि हात उरतात. कधी हेच हवं असतं, मुरलेल्या माणसासाठी. आम्ही काकूंना मुद्दाम भिंतीत मिसळू दिलं, मामाला नाही. मामा त्या घरात उपरा दिसायला हवा होता.

दोन चाचण्या फुकटात होतात. सगळ्या पात्रांना कपड्यांत दारासमोर पाठीमागून उजेड येईल असं उभं करून फोटो काढा. नुसत्या काळ्या आकृतीवरून कोण कुठलं हे ओळखू आलं पाहिजे. मग नेहमीच्या उजेडात फोटो काढून तो कृष्णधवल करा. सगळे एकाच राखाडी रंगाचे दिसले तर कुणाचा तरी कपडा बदला. बारीक चौकडीचे आणि बारीक पट्ट्यांचे शर्ट कॅमेऱ्यात थरथरतात, ते टाळा.

आता आपल्या भागापुरती एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या माणसाला सुचणार नाही. इथं रंग नुसता रंग नसतो. खांद्यावर तांबडं-पिवळं उपरणं आलं की तो कन्नड ध्वज होतो, भगवं आलं की दुसरी बाजू. १ नोव्हेंबरला एका बाजूला राज्योत्सव असतो आणि मराठी माणूस त्याच दिवशी काळा दिवस पाळतो. त्या दिवसाच्या प्रसंगात काळा शर्टसुद्धा काही म्हणत असतो. तुमची गोष्ट या विषयावर असेल तर विचार करून वापरा. नसेल तर रिक्षावाल्याच्या गळ्यातला निष्पाप तांबडा-पिवळा रुमाल प्रेक्षकाला भलतीकडेच नेईल. मुलीच्या पिवळ्या ड्रेसवर तांबडी ओढणी मी याच कारणानं काढायला लावली.

आणि मनापासून एक विनंती. कन्नड बोलणारं पात्र म्हणजे खडूस कारकून किंवा गुंड, हे लिहिणं सोडून द्या. आपल्या शेजारी राहणारी, आपल्या लग्नात वाढायला उभी राहणारी ही माणसं आहेत. मराठी पात्राला जशी पानभर दिवस लिहून देता, तशीच त्यांनाही द्या. सीमाप्रश्नावर तुमचं मत काहीही असो, माणूस अर्धा लिहिला की फिल्म खोटी पडते.

बोली हाही कपडाच

इथला माणूस एकाच वाक्यात दोन भाषा घालतो, आणि कुठं बदलतो त्यात त्याचा स्वभाव असतो. खडेबाजारातला दुकानदार मावशीशी मराठीत, गोकाकच्या शेतकऱ्याशी कन्नडमध्ये आणि तिसऱ्याशी हिंदीत बोलतो, आणि मधे श्वास घेत नाही. तेव्हा प्रत्येक पात्राबद्दल लिहून ठेवा : पैसे कुठल्या भाषेत मोजतो, चिडला की कुठली भाषा येते, लहान मुलाशी कशात बोलतो. आमचा मामा भाचीशी मराठीत बोलतो, पण मोडीवाल्याशी भाव करायला लागला की "एष्ट्री?" (किती?) म्हणून कन्नडमध्ये शिरतो. मुलगी बाजूला उभी आहे, तिला सगळं कळतंय, पण व्यवहार तिच्या डोक्यावरून चाललाय. हा बदल संवादाच्या आठ ओळींचं काम करतो.

मराठीसुद्धा एकच नाही. निपाणीकडचा माणूस कोल्हापूरच्या वळणानं बोलतो, खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या बोलीवर कोकणीची सावली आहे, बेळगावात "जाऊलालोय, खाऊलालोय" ऐकू येतं. आणि आपल्याकडच्या कितीतरी बाया "मी येतो" म्हणतात. मी स्वतः घरी "येतो"च म्हणते, लिहिताना "येते" लिहिते. नटीनं पुण्याच्या वळणानं "मी येते हं" म्हटलं की अंगावरचं इरकलीसुद्धा परकं वाटायला लागतं. नट बाहेरचा असेल तर त्या बोलीतल्या माणसाकडून संवाद मोबाईलवर बोलून घ्या आणि नटाला आठवडाभर ऐकायला लावा. संवादात बोली शिंपडू नका. वाक्यात एक शब्द गावाकडचा आणि पाच पुस्तकी, यापेक्षा साधी प्रमाण मराठी परवडली.

पायात काय आहे

नट कसा चालतो हे पायताण ठरवतं, म्हणून ते पहिल्या तालमीपासून द्या. कोल्हापुरी चप्पल म्हटली की आपण कोल्हापूर म्हणतो, पण अथणी-निपाणीकडचे कारागीरही ती पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हे आहेत. नवी चप्पल करकरते. मामाला आम्ही तीच दिली. तो घरात यायच्या आधी आवाज येतो आणि काकू पदर सारखा करतात. काकू मात्र अनवाणी. शेजारच्या घरात जायला चप्पल कोण घालतं?

साल विसरू नका

दुय्यम पात्रांच्या हातातल्या वस्तू कुठल्या सालातली गोष्ट आहे हे नकळत सांगून टाकतात. बसचा प्रसंग असेल तर लक्षात ठेवा : ११ जून २०२३ पासून कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना सरकारी साध्या बसमध्ये मोफत प्रवास आहे, कंडक्टर कर्नाटकातलं ओळखपत्र बघून शून्याचं तिकीट देतो. त्याआधीच्या गोष्टीत हे येता कामा नये. त्यानंतरच्या गोष्टीत यातूनच एक सुंदर प्रसंग मिळतो. एकाच बाकावर दोन बाया, सारख्याच साड्या, सारखीच बोली. बेळगाव तालुक्यातली आधारकार्ड दाखवते, चंदगडची कमरेची पिशवी सोडून पैसे काढते. कंडक्टर "मुंद होग्री" म्हणत पुढं सरकतो. सीमा म्हणजे काय ते यापेक्षा चांगलं मला तरी कुठं लिहिता आलेलं नाही.

गाडीच्या नंबरप्लेटचंही तसंच. केए २२ बेळगाव, केए २३ चिकोडी, एमएच ०९ कोल्हापूर. मोडीवाल्याचा टेम्पो कुठला, हे ठरवून घ्या.

तालीम आणि सेट

शूटिंगच्या निदान तीन दिवस आधी कपडे नटाच्या ताब्यात द्या आणि ते घालून घरची कामं करायला सांगा. काकू झालेल्या बाईंनी त्या लुगड्यात रोज सकाळी पाणी भरलं आणि एका विणकराच्या घरी जाऊन दोन तास चरख्यावर बसल्या. परत आल्या तेव्हा पदर कुठं खोचायचा हे त्यांनीच मला दाखवलं. माझ्या आराखड्यात तो डावीकडे होता.

सेटवर एका माणसाला फक्त कपड्यांचं काम द्या. प्रत्येक प्रसंगाआधी आणि नंतर प्रत्येक पात्राचे समोरून, मागून आणि हातांचे फोटो. पदर कुठल्या खांद्यावर, बाही किती दुमडलेली, कांडीवर सूत किती. कांडी आमच्या अंगाशी येत होती. तिसऱ्या टेकला ती भरलेली आणि चौथ्याला रिकामी, असं झालं. मग तीन कांड्या एकाच मापाच्या करून ठेवल्या.

आवाजाच्या माणसाशी आधी बोला. रेशमी पदर कॉलर माइकवर घासतो, खळीचा कपडा सळसळतो, काचेच्या बांगड्या संवादावर वाजतात. बांगड्यांमधे आतून पारदर्शक चिकटपट्टी लावली की किणकिण थांबते. जिथं किणकिण हवी, तिथं ती नंतर वेगळी रेकॉर्ड करा.

शूटिंग संपलं की कपडे लगेच धुवायला टाकू नका. एडिट पूर्ण होईपर्यंत एखादा शॉट परत घ्यावा लागतोच, आणि धुतलेल्या लुगड्यावर तीच मळकट रेघ पुन्हा आणता येत नाही. प्रत्येक पात्राचे कपडे, बांगड्या, चप्पल वेगळ्या कापडी पिशवीत, वर पात्राचं नाव आणि प्रसंगाचे नंबर. मागून आणलेल्यांची पिशवी वेगळी, आणि ते मात्र शेवटचा शॉट झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत पोचवायचे, स्वतः जाऊन.